नीलावेधन

नीलावेधन म्हणजे निदान, उपचार, रक्तदान अथवा न्यायवैद्यकीय पुरावा यांसाठी पोकळ सुईने नीलेत (शिरेत) प्रवेश करून रक्त काढून घेण्याची क्रिया होय. बोलीभाषेत यास नुसते 'रक्त काढणे' म्हणतात. पाश्चात्त्य वैद्यकात रूढ असलेली 'फ्लेबॉटमी' ही संज्ञा 'नीला' आणि 'छेद' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनली आहे. रुग्णालयांत नित्य होणाऱ्या, त्वचा भेदणाऱ्या क्रियांपैकी ही सर्वाधिक वेळा केली जाणारी क्रिया असावी. मात्र ती साधी दिसते म्हणून तिच्यातील धोके दुर्लक्षिले जातात. चुकीच्या नावाची चिठ्ठी लागलेली एक नळी रुग्णाचा जीव घेऊ शकते, आणि संमतीवाचून टोचलेली सुई कायद्याच्या दृष्टीने शरीरावरील आक्रमण ठरू शकते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्राचीन व मध्ययुगीन वैद्यकात रक्त काढण्याचा हेतू तपासणी हा नसून उपचार हा होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय सिरावेधाच्या विधीस वाहिलेला आहे. कोणत्या रुग्णाचा वेध करू नये आणि कोणत्या सिरा वर्ज्य मानाव्यात, याचे विवेचन त्यात आढळते. युरोपात चार द्रवांच्या सिद्धान्तावर आधारलेले रक्तमोक्षण एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होते. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घशाच्या आजारात डिसेंबर १७९९ मध्ये त्यांचे रक्त एकाच दिवसात अनेकदा काढण्यात आले आणि त्याच रात्री त्यांचे निधन झाले. उपचार म्हणून रक्त काढण्याची पद्धत आता मोजक्या विकारांपुरती उरली आहे. तांबड्या पेशींची अतिवृद्धी (पॉलिसायथीमिया व्हेरा) आणि शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार (हीमोक्रोमॅटोसिस) हे त्यांतील प्रमुख होत.

पोकळ सुई व पिचकारी यांचा संयोग १८५० च्या दशकात झाला. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर रक्त तपासून मगच चढविण्याचा शास्त्रीय पाया घातला गेला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ क्लाइनर यांनी निर्वात नळीची पद्धत विकसित केली. नळीतील निर्वातामुळे ठरावीक प्रमाणात रक्त आपोआप ओढले जाते. एकाच वेधात अनेक नळ्या भरता येतात आणि रक्ताचा बाहेरील हवेशी किंवा काढणाऱ्याच्या हाताशी संपर्क येत नाही.

वेधाची जागा

प्रौढ व्यक्तीत कोपराच्या पुढील खळग्यातील नीलांना प्राधान्य दिले जाते. खळग्याच्या मध्यभागातून तिरकी जाणारी मध्य कूर्पर नीला ठसठशीत असते. ती फारशी हलत नाही आणि तिच्या निकट महत्त्वाच्या मज्जा नसतात, म्हणून तिची निवड प्रथम होते. अंगठ्याच्या बाजूची नीला हा दुसरा पर्याय होय. करंगळीच्या बाजूची नीला अनेकदा सर्वांत ठळक दिसत असली, तरी बाहुरोहिणी व मध्य मज्जा तिच्यालगत असल्यामुळे ती शेवटचा पर्याय मानली जाते. नीला डोळ्यांना दिसण्यापेक्षा बोटाला लागणे महत्त्वाचे असते. दाबल्यावर ती रबरासारखी उसळी घेते, तर रोहिणी ठोके देते आणि स्नायुबंध दोरीसारखा टणक लागतो.

काही हात वर्ज्य असतात. ज्या बाजूचे स्तन व काखेतील लसीका ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्या आहेत तो हात, डायलिसिससाठी रोहिणी व नीला जोडून तयार केलेल्या फिस्तुलाचा हात, तसेच सूज, भाजल्याचे व्रण किंवा रक्तगाठ असलेला भाग टाळावा लागतो. सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलेल्या रक्तात सलाइनमधील साखर वा क्षार मिसळून अहवाल दिशाभूल करणारा येतो. अशा वेळी दुसरा हात निवडतात.

क्रिया

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. बहुतेक देशांतील प्रशिक्षण त्याच धर्तीवर दिले जाते. क्रियेचा आरंभ सुईने होत नाही, तर ओळख पटविण्याने होतो. रुग्णाला "तुम्ही अमुकच ना?" असे विचारणे सदोष मानले जाते, कारण घाबरलेला, बहिरा किंवा गुंगीत असलेला माणूस कशालाही मान हलवितो. त्याने स्वतःचे पूर्ण नाव सांगावे आणि ते जन्मदिनांक किंवा रुग्णालयातील नोंदणी क्रमांक अशा दुसऱ्या एखाद्या खुणेशी ताडून पाहावे, असा दंडक आहे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, रुग्णांच्या खाटा बदलतात. महाराष्ट्रातील वॉर्डात एकाच वेळी दोन 'सुनीता पाटील' असणे ही नवलाची गोष्ट नाही.

त्यानंतर हात धुऊन हातमोजे चढविले जातात. रुग्ण बसलेला वा आडवा असावा, उभ्या रुग्णाचे रक्त काढत नाहीत. आवळपट्टी (टूर्निकेट) वेधाच्या जागेपासून चार-पाच बोटे वर बांधतात आणि ती एक मिनिटाहून अधिक काळ आवळलेली ठेवीत नाहीत. त्यापुढे रक्तातील पाणी ऊतकांत झिरपून प्रथिने, पेशी व कॅल्शियम यांचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढते. वारंवार मूठ उघडण्या-मिटण्यास सांगण्याची सवय सर्वत्र आढळते, पण तीमुळे स्नायूंतील पोटॅशियम रक्तात उतरते. मूठ एकदाच मिटलेली पुरेशी असते.

त्वचा ७० टक्के अल्कोहोलने सुमारे ३० सेकंद पुसून तितकाच वेळ वाळू देतात. न वाळलेले स्पिरिट झोंबते, नमुन्यात उतरून तांबड्या पेशी फोडते आणि निर्जंतुकीकरणही अपुरे राहते. पुसल्यानंतर त्या जागेला पुन्हा बोट लावू नये. खरे पाहता नियमाचा भंग सर्वाधिक येथेच होतो, कारण शीर 'पुन्हा एकदा चाचपण्याचा' मोह अनुभवी हातांनाही आवरत नाही.

सुईचे तिरपे तोंड वर ठेवून, त्वचेशी ३० अंश किंवा त्याहून कमी कोन साधून ती नीलेत सरकविली जाते. प्रौढांच्या नेहमीच्या तपासणीसाठी २१ गेजची सुई वापरतात. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. रक्तदानासाठी १६ गेजची जाड सुई लागते. रक्त येऊ लागताच पट्टी सैल करतात, आणि सुई बाहेर काढण्यापूर्वी तर ती सोडलेली असणे अनिवार्य असते. वेधताना रुग्णाला विजेचा झटका बसल्यासारखी, बोटांपर्यंत जाणारी कळ आली तर मज्जेला इजा झाल्याचा संशय घेऊन सुई तत्काळ काढली जाते. शीर सापडली नाही म्हणून त्वचेखाली सुई आडवी-तिडवी फिरविणे निषिद्ध आहे. दोन प्रयत्न असफल झाल्यास दुसऱ्या व्यक्तीस पाचारण करण्याची प्रथा अनेक प्रयोगशाळांत पाळली जाते.

सुई निघाल्यावर कापसाच्या बोळ्याने सरळ हातावर काही मिनिटे दाब दिला जातो. बोळा ठेवून कोपर दुमडून बसण्याची आपल्याकडे सार्वत्रिक असलेली रीत योग्य नाही. त्याने दाब नेमक्या जागी पडत नाही, हात उघडताच रक्त पुन्हा झिरपते आणि निळा डाग उमटतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना अधिक काळ दाब द्यावा लागतो. नळ्यांवरील चिठ्ठ्या रुग्णासमोर, रक्त काढून झाल्यावर लगेच लावतात. आधीच चिठ्ठ्या लावलेल्या रिकाम्या नळ्यांमुळे अदलाबदल होते, आणि नंतर टेबलावर जाऊन लावलेल्या चिठ्ठ्यांमुळेही होते.

नळ्यांचा क्रम

निर्वात नळ्यांच्या टोपणांचे रंग आतील रसायन दर्शवितात. रंगसंकेत उत्पादकागणिक थोडेफार बदलतात, पण क्रम बहुधा पुढीलप्रमाणे असतो : प्रथम जंतुसंवर्धनाच्या बाटल्या, मग रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी सायट्रेट असलेली निळी, नंतर सीरमसाठीची लाल वा पिवळी, हेपारिनची हिरवी, ईडीटीएची जांभळी आणि शेवटी साखरेच्या तपासणीची फ्लोराइडयुक्त करडी.

हा क्रम पाठ करून घेतला जातो, त्यामागील कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. जांभळ्या नळीतील ईडीटीए हे पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. त्याचा अंश सुईवाटे पुढच्या सीरमच्या नळीत गेला, तर अहवालात पोटॅशियम भयंकर वाढलेले व कॅल्शियम घटलेले दिसते. वाढलेले पोटॅशियम हे हृदय बंद पाडू शकणारे लक्षण असल्यामुळे, जो विकार रुग्णाला नाहीच त्यावर तातडीचे उपचार सुरू होण्याचा संभव असतो. जांभळ्या नळीतील रक्त 'कमी पडले' म्हणून तिचे टोपण काढून ते दुसऱ्या नळीत ओतणे ही याच चुकीची अधिक गंभीर आवृत्ती होय.

निळ्या नळीत रक्त व सायट्रेट यांचे प्रमाण ९:१ असावे लागते. ती खुणेपर्यंत भरली नाही तर रक्त गोठण्याचा काळ खोटाच लांबलेला दिसतो. करड्या नळीतील फ्लोराइड साखरेचे विघटन रोखते. तसे न केल्यास सामान्य तापमानात ठेवलेल्या रक्तातील साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. गावातील संकलन केंद्रावर सकाळी घेतलेला आणि दुपारी शहरात पोहोचलेला नमुना चुकीच्या नळीत असेल, तर मधुमेही माणूस निरोगी ठरू शकतो. भरलेल्या नळ्या हळुवारपणे उलट-सुलट करतात, जोरात हलविल्यास पेशी फुटतात.

अर्भके व बालके

नवजात शिशूंच्या शरीरात दर किलोग्रॅम वजनामागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या शरीरात एका पेल्याइतकेही रक्त नसते, आणि त्यातून पाच मिलिलिटर काढणे हे प्रौढाच्या शरीरातून पाव लिटरहून अधिक काढण्यासारखे ठरते. सततच्या तपासण्यांमुळे अशा बाळांना रक्तक्षय होतो, म्हणून काढलेल्या प्रत्येक थेंबाची नोंद ठेवण्याची शिस्त नवजात अतिदक्षता विभागांत असते. टाचेतून रक्त घेताना टाचेच्या कडांचा भाग निवडतात. मधोमध टोचल्यास टाचेच्या हाडाला इजा व जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. टोचणीची खोली २.४ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. प्रौढांचे रक्त बोटातून घेताना मधले वा अनामिका हे बोट वापरतात आणि ऊतकद्रव मिसळलेला पहिला थेंब पुसून टाकतात.

सुई टोचण्याचे अपघात

रक्त काढणाऱ्याला असलेला मुख्य धोका वापरलेली सुई स्वतःला टोचण्याचा होय. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीत संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के मानली जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्का आहे. भीती मात्र याच्या उलट प्रमाणात आढळते. ज्या विषाणूविरुद्ध तीन मात्रांची प्रभावी लस उपलब्ध आहे त्याकडेच कर्मचारी व संस्था यांचे अधिक दुर्लक्ष होते.

बहुसंख्य अपघात वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसविताना किंवा ती टाकताना घडतात. म्हणून टोपण परत लावू नये आणि सुई न भेदली जाणारी पेटी हाताच्या अंतरावर असावी, असा नियम आहे. सुई टोचल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने धुतात. जखम पिळून रक्त काढणे किंवा ती तोंडाने चोखणे वर्ज्य आहे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. त्यामुळे 'उद्या सांगू' म्हणून अपघात लपविणे सर्वांत महागात पडते.

भारतात जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये सुया व टोचण्या पांढऱ्या अर्धपारदर्शक, न भेदल्या जाणाऱ्या पेटीत, रक्ताने भरलेले कापसाचे बोळे पिवळ्या पिशवीत आणि सुई काढलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजा व हातमोजे लाल पिशवीत टाकणे बंधनकारक आहे. कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांच्या लसी देण्याची जबाबदारी हेच नियम संस्थेवर टाकतात. यामागे केवळ स्वच्छतेचा आग्रह नाही. गुजरातमधील मोडासा परिसरात २००९ साली उद्भवलेल्या हिपॅटायटिस बीच्या साथीचा संबंध सिरिंजांच्या पुनर्वापराशी जोडला गेला होता.

संमती

तपासणीसाठी आलेल्या रुग्णाने स्वतः हात पुढे करणे ही नेहमीच्या चाचण्यांपुरती गर्भित संमती मानली जाते. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (२००८) या खटल्यात संमती ही खरी व वैध, म्हणजे पुरेशा माहितीवर आधारलेली असावी, आणि निदानासाठी दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, असे स्पष्ट केले. तो खटला शस्त्रक्रियेसंबंधी असला, तरी त्यातील तत्त्व सुईलाही लागू पडते. रक्तातील साखरेसाठी दिलेला हात इतर कोणत्याही चाचणीसाठी दिलेला हात नसतो. संमती मध्येच मागे घेतल्यास क्रिया थांबवावी लागते.

एचआयव्ही चाचणीच्या बाबतीत हे तत्त्व थेट कायद्यात उतरले आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीवाचून ही चाचणी करता येत नाही. न्यायालयाचा आदेश, परवानाधारक रक्तपेढीतील छाननी, निनावी सर्वेक्षण यांसारखे मोजके अपवाद त्यात आहेत. नोकरी देण्यापूर्वी गुपचूप ही चाचणी करून घेणे त्यामुळे बेकायदेशीर ठरते. कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही हा कायदा बोलतो. रक्ताशी संपर्क येणाऱ्या ठिकाणी संरक्षक साधने आणि अपघातानंतरची प्रतिबंधक औषधे पुरविणे संस्थेवर बंधनकारक आहे.

न्यायवैद्यकीय नमुने

संमतीच्या नियमाला सर्वांत मोठा अपवाद फौजदारी तपासाचा आहे. अटक झालेल्या व्यक्तीच्या तपासणीतून पुरावा मिळण्याची वाजवी शक्यता असल्यास पोलिसांच्या विनंतीवरून नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक रक्त घेऊ शकतो आणि त्यासाठी वाजवी बळ वापरण्याची मुभा आहे. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ ने घेतली आहे. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनात्मक हक्काचा यामुळे भंग होत नाही, कारण रक्त हा भौतिक पुरावा आहे, जबानी नव्हे. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (२०१०) या निकालात नार्को चाचणी सक्तीने करण्यास मनाई करताना न्यायालयाने हा भेद मांडला.

दिवाणी वादांत स्थिती वेगळी आहे. गौतम कुंडू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य (१९९३) या खटल्यात पितृत्व ठरविण्यासाठी कोणासही रक्त देण्यास भाग पाडता येणार नाही असे ठरले. शारदा विरुद्ध धरमपाल (२००३) मध्ये मात्र वैवाहिक खटल्यांत न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते आणि नकार दिल्यास प्रतिकूल अनुमान काढू शकते, असा निर्णय झाला.

मद्यपानाच्या प्रकरणांतील नमुन्याची पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असलेला चालक दोषी ठरतो. महाराष्ट्रात दारूबंदी कायदाही लागू असून मूळच्या मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये रक्तातील ०.०५ टक्के ही मर्यादा आहे. या कायद्याखालील १९५९ च्या नियमांनुसार रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. सवयीने स्पिरिटचा बोळा फिरविला गेला, तर बचाव पक्षाला आयताच मुद्दा मिळतो. त्वचा स्पिरिटविरहित द्रावणाने पुसणे, फ्लोराइडयुक्त नळी वापरणे, नळीवर मोहोर लावणे आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची अखंड नोंद ठेवणे, या चार गोष्टींवर असा पुरावा उभा असतो. रुग्णालयात दाखल असलेल्या व्यक्तीचा नमुना पोलिसांना हवा असल्यास, तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळविणे कलम २०४ नुसार आवश्यक आहे. उपचारांना बाधा येईल असे वाटल्यास ते हरकत घेऊ शकतात.

पोलिसांची मागणी आणि रुग्णाचा हक्क यांत उभ्या ठाकलेल्या परिचारिकेचे उदाहरण अमेरिकेत २०१७ साली गाजले. सॉल्ट लेक सिटी येथील विद्यापीठ रुग्णालयात बेशुद्ध असलेल्या अपघातग्रस्ताचे रक्त वॉरंट, अटक किंवा संमती यांपैकी काहीही नसताना काढू देण्यास तिने नकार दिला. पोलीस अधिकाऱ्याने तिला बेड्या घातल्या. पुढे त्याला सेवेतून काढण्यात आले आणि परिचारिकेस पाच लाख डॉलरची भरपाई मिळाली. वॉरंटविना श्वासचाचणी चालते पण रक्तचाचणी सर्वसाधारणपणे चालत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने बर्चफील्ड विरुद्ध नॉर्थ डकोटा या खटल्यात आदल्याच वर्षी दिला होता.

रक्त काढण्याचा अधिकार

अमेरिकेत कॅलिफोर्निया, लुइझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन या राज्यांत रक्त काढणाऱ्याला स्वतंत्र परवाना वा प्रमाणपत्र घ्यावे लागते, अन्यत्र ते संस्थेवर सोपविलेले आहे. भारतात हे काम डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेतलेले तंत्रज्ञ करतात. रक्त काढणे आणि अहवाल प्रमाणित करणे हे दोन वेगळे अधिकार आहेत. विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच अहवालावर सही करावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला.

रक्तदानासाठी रक्त काढणे हे आणखी कडक नियमांखाली येते, कारण औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या दृष्टीने मानवी रक्त हे 'औषध' आहे आणि ते परवानाधारक रक्तकेंद्रालाच गोळा करता येते. दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलोग्रॅम व हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असावे लागते. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० व स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर बंधनकारक आहे. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी झालेल्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली.

रक्त चढविण्यापूर्वीच्या जुळवणी-नमुन्याला या सर्वांत सर्वाधिक जपावे लागते. मुंबईत १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी वर्णिलेला 'बाँबे' रक्तगट नेहमीच्या गटचाचणीत 'ओ' भासतो, पण अशा व्यक्तीस 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. जुळवणी केल्यावरच हा भेद उघड होतो, आणि तोही नळीतील रक्त चिठ्ठीवर नाव असलेल्या व्यक्तीचेच असेल तर.